खळ दिलेलं पोट

मी चौदा वर्षांची असताना स्वतःच्या पोटाला खळ लावली. ही गोष्ट आजवर चारचौघांत कधी सांगितली नाही. आता सांगते, कारण हसू शकणाऱ्यांपैकी बरेचजण वर गेले आणि उरलेल्यांना नीट ऐकू येत नाही. खळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: विणकराच्या घरात चिंचोक्याच्या पिठाची पेज शिजवतात, ती ताण्याच्या, म्हणजे मागावर लांब ताणायच्या, सुताला कुंच्यानं लावतात, आणि सूत उन्हात वाळलं की ताठ होतं, त्याचे केस बसतात, धागा बारीक आणि गुळगुळीत दिसायला लागतो. मी कानडी मुलखातल्या वडगावच्या विणकराची मुलगी, जन्मल्यापासून हे बघत आलेली. तेव्हा ढिल्या, फुगलेल्या सुताचं जे होतं तेच ढिल्या, फुगलेल्या पोटाचंही होईल, असा शोध मी लावला. विज्ञानात मी वर्गात दुसरी होते, हेही इथं लिहून ठेवते.

आमच्या घरात आधी दोन खड्डामाग होते. एकावर अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दुसऱ्यावर आई. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं धोटा इकडून तिकडे पाठवायचा. मी शाळेतून आले की आई चुलीकडे जायची आणि मी तिच्या जागी बसायची. पावड्या दाबून दाबून माझ्या पोटऱ्या अशा घट्ट झाल्या होत्या की गल्लीतल्या बायका हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "ही पोरगी हाय का मागाचा खांब?" उजाडलं की बोळात पांजणी. सगळा ताणा बोळभर ताणून ठेवायचा आणि सूत वाळेपर्यंत कुंचा ओढत या टोकाचं त्या टोकाला जायचं, परत यायचं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. पाणी कोपऱ्यावरच्या आडाचं, तेही आम्ही दोघीच ओढायचो. सातवीत शाळेच्या खेळांत पळण्यात मी पहिली आले, तेव्हा मला वाटलं की देवानं मला खास पाय दिलेत. पावड्या, कुंचा आणि घागर यांची आठवणसुद्धा झाली नाही मला. इतकी मी शहाणी.

मग आई गेली. तीन दिवस ताप आला आणि गेली. याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही, कारण त्या दिवसांतलं फारसं काही माझ्यापाशी नाही. तिच्या मागावर अर्धी साडी होती, जांभळी, आणि ती पुष्कळ दिवस तशीच होती, एवढं आहे. मी रडले नाही. बायका येऊन सांगायच्या, "पोरीला रडवा, न्हायतर आत बसंल." कुणी मला चिमटेही काढून बघितले. मी चिमटा काढणारीकडे बघत बसायची.

अण्णांनी ती साडी पुरी केली आणि दोन्ही माग काढले. खड्डे मातीनं बुजवून वर फरशी घातली आणि त्यावर पॉवरलूम आणून बसवला. ताण्याचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, खळ देऊन तयार, बाहेरूनच यायला लागला, त्यामुळे पांजणी बंद. नळही त्याच सुमाराला घरात आला, म्हणजे आडही बंद. राहिलं काय, तर कांड्या भरणं. धोट्यात बसते ती सुताची छोटी कांडी मोटरवर भरायची. हे काम बायका-पोरांचं, त्याला ना बळ लागतं ना डोकं. स्टुलावर बसायचं आणि सूत फिरताना बघायचं. शाळेतून आले की मी स्टुलावर. पायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही थांबायच्या आणि पाय आहेत की नाहीत ते कळायचं नाही. पॉवरलूमचा खडखडाट एवढा की घरात बोलणं बंद झालं. अण्णांना ते सोयीचं पडलं असावं. मलाही पडलं.

त्या वर्षी मी खाल्लं. गल्लीतली प्रत्येक बाई आमच्याकडे काही ना काही पाठवायची, बिनआईची पोर म्हणून. शेंगांच्या पोळ्या, कडबू, डबाभर कुंदा, चुरमुऱ्यांचा चिवडा. मी स्टुलावर बसून एका हातानं कांडी आणि एका हातानं चिवडा. चव लागायची नाही. चव लागेल म्हणून आणखी एक घास घ्यायची, त्याचीही लागायची नाही. शिवाय त्याच वर्षी माझी हाडं अशी वाढली की परकर दर दोन महिन्यांनी पोटरीवर चढायचा. आधी उंची, मग पोट, मग दंड, मग छाती, सगळं एकदम आलं, पाहुण्यांच्या बैलगाडीसारखं. कुठला अवयव कुठं ठेवायचा ते कळेना. पळताना पाय एकीकडे आणि मी दुसरीकडे. आठवीत खेळांच्या वेळी मी पाचवी आले. पळणाऱ्या सहाजणी होत्या.

घर चालवायला निपाणीहून आत्या आली होती. अण्णांची थोरली बहीण, आयुष्यभर विड्या वळलेली. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता, भाकरीलाही तो यायचा. तिची जीभ तिच्या विडीपेक्षा जहाल. मला बघून म्हणायची, "शके, तू उभी ऱ्हायलीस की माग दिसत न्हाय गं पलीकडचा." मी हसायची नाही, रागवायचीही नाही. आत्या मग अण्णांकडे बघायची, अण्णा धोट्याकडे बघायचे. आत्याची सून निपाणीत बाळंत व्हायची होती, तिला परत जायची घाई होती. म्हणून ठरलं होतं की आठवीची परीक्षा झाली की माझी शाळा बास. घरात बाईमाणूस पाहिजे, कांड्यांना हात पाहिजे. हे अण्णांनी मला सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हटलं. खरं म्हणजे त्या वर्षी मला कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी "बरं" म्हटलं असतं.

इथं जरा थांबते, कारण आमची तन्वी मागून वाचते आहे. माझी नात, नववीत आहे. तिच्याकडे एक काचेचं मशीन आहे. त्यावर अनवाणी उभं राहिलं की वजन सांगतं आणि अंगात चरबी किती तेही सांगतं. रोज सकाळी दात घासायच्या आधी ती त्यावर उभी राहते आणि मग दिवसभराचं तोंड कसं ठेवायचं ते ठरवते. मी परवा तांदळाचा डबा कडेवर घेऊन त्यावर उभी राहिले. मशीन बिचारं गोंधळलं. तन्वी म्हणाली, "आज्जी, तुझं सगळं रेकॉर्ड बिघडलं." मी म्हटलं, बाई गं, माझं रेकॉर्ड तुझी आई जन्मायच्या आधीच बिघडलंय.

तर शाळेत खेळाच्या एक बाई होत्या. उंच, सावळ्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी एक दिवस मला एकटीला मैदानात थांबवलं आणि लोखंडी गोळा हातात दिला. "फेक." मी फेकला. "परत फेक." परत फेकला. पावलं मोजत त्या गोळ्यापर्यंत गेल्या आणि वहीत काहीतरी टिपलं. मला वाटलं, गोळा जागेवरून हलवायचा असेल, जाड्या पोरीकडून हलवून घेतला. मग आठ दिवसांनी त्या घरी आल्या आणि खडखडाटाच्या वर आवाज चढवून अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, चिकोडीला निवड आहे. खेळाच्या वसतिगृहासाठी. निवडली गेली तर दहावीपर्यंत राहणं, जेवण, शाळा, सगळं सरकारचं. शकूचं नाव मी घातलंय." अण्णांनी लूम बंद केला. इतक्या महिन्यांत मी तो दिवसा बंद झालेला पहिल्यांदाच बघितला. ते म्हणाले, "निवड झाली तर जाऊ दे. न्हाय झाली तर कांड्या." आणि लूम चालू केला.

तेव्हा मला काहीतरी झालं. आनंद म्हणावा असं नाही. झोपलेल्या पायात रक्त परत येतं तेव्हा होतं तसं, बारीक टोचल्यासारखं. मला त्या घरातून जायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि लगेच दुसरं कळलं की पाचव्या नंबरच्या पोरीला कोण निवडणार? कारण बाईंनी माझं नाव घातलंय ते पळण्यातच, यात मला तिळभर शंका नव्हती. मी सातवीतली पहिली. मला दुसरं काय येतं? बाईंना विचारावं, असं डोक्यातही आलं नाही. मी ठरवलं, बारीक व्हायचं. हातात बारा दिवस होते.

बारा दिवस मी भाकरी खाल्ली नाही. आत्यासमोर ताट घेऊन कांड्यांच्या कोपऱ्यात जायची, आमटी पिऊन टाकायची आणि भाकरी सुताच्या टोपलीत तळाला ठेवायची. वर कांड्या. रोज शाळेत जाताना काढून गाईला घालू म्हणायची आणि विसरायची, कारण उपाशी माणसाला दुसरं काही आठवत नाही. चौथ्या दिवशी जिना चढताना डोळ्यांपुढं काळं आलं. मी म्हटलं, चला, चरबी निघाली. सातव्या दिवशी नळाखालची बादली उचलताना हात लटपटला. जी मी आडाच्या दोन घागरी घेऊन यायची, तीच मी. मला वाटलं, हेही चरबीच निघाली. मात्र पोट होतं तिथंच होतं. उलट हातपाय सुकल्यामुळं ते जास्तच दिसायला लागलं.

म्हणून खळ. निवडीच्या आदल्या दिवशी आत्या बाजारात आणि अण्णा सुतासाठी शहापूरला गेलेले. मी माळ्यावरून चिंचोक्याच्या पिठाचा जुना डबा काढला, आईचा. घट्ट खळ शिजवली. कोरं कापड हातभर रुंद फाडलं, खळीत बुचकळलं आणि गरमच पोटाला पाच वेढे गुंडाळलं. श्वास सोडून, पोट आत ओढून, परसात उन्हात उभी राहिले. दोन्ही हात वर. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या, "काय करतीस गं?" मी म्हटलं, "सूर्यनमस्कार." त्या म्हणाल्या, "मग वाक की." मला वाकता येत नव्हतं. कापड वाळत होतं आणि आवळत होतं. तासाभरात माझ्या कमरेला पिंपाची पट्टी बसावी तसं झालं. आरशात बघितलं. खरंच बारीक दिसत होते. आईच्या ताण्यासारखी ताठ. त्या दिवशी आणि त्या रात्री मी ती पट्टी काढली नाही. उभ्यानं भिंतीला टेकून डोळे मिटले.

चिकोडीला एसटीनं गेलो. बाईंनी खिडकीची जागा धरून ठेवली होती. "बस गं शकू." मी म्हटलं, "नको बाई, मला उभं राहायला आवडतं." निपाणीच्या रस्त्याला लागेपर्यंत घाम आला, खळ ओली झाली, कापड चिकटलं. खिडकीच्या वाऱ्यानं परत वाळलं, आणि आता ते कातडीला धरून वाळलं. बाईंनी दोनदा विचारलं, "बरं आहे ना?" मी मान हलवली. तोंडानं बोलायला श्वास पुरत नव्हता.

मैदानावर पन्नासेक पोरी. आधी सगळ्यांनी मैदानाच्या दोन फेऱ्या घ्यायच्या होत्या, मग ज्याचा त्याचा खेळ. शिट्टीवाला माणूस कानडीत ओरडत होता, "ओडु, ओडु!" पळा, पळा. मी पळाले. उपाशी, खळ दिलेली, बारा दिवसांची शहाणी. पहिल्या फेरीत मी पहिली होते, हे खरं आहे, विचारा कुणालाही. दुसऱ्या फेरीत श्वास वरच्या वर राहायला लागला. आधी पाय गेले, म्हणजे होते, पण कळेनासे झाले, स्टुलावर व्हायचे तसे. मग आवाज गेले. मैदान समोर दिसत होतं, पोरी पळत होत्या, पण कशालाच आवाज नव्हता. मला भीतीही वाटली नाही. पॉवरलूम बंद झालाय, एवढंच मनात आलं. मग तोंडात माती.

डोळे उघडले तेव्हा शिट्टीवाला "एद्देळु, एद्देळु" म्हणून उठवत होता आणि बाई माझ्या झग्यात हात घालून चाचपत होत्या. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. पोरीच्या पोटावर हाताला लाकूड लागावं, तसा. त्यांनी मला तंबूत नेलं, कात्री मागवली. कात्री चालेना. शेवटी ओला फडका लावून लावून पट्टी मऊ केली आणि कापली. कातडी सोलपटून निघाली. मला दुखलं नाही. मी बाईंच्या हातातल्या पट्टीकडे बघत होते आणि ती किती छान कडक झालीय असा विचार करत होते. बाहेर नावं पुकारत होते. माझंही पुकारलं, दोनदा. बाईंनी बाहेर जाऊन काहीतरी सांगितलं आणि परत आल्या. मग पुकारलं नाही.

येताना मी बसले. बाईंनी निपाणीच्या स्टँडवर मला दूध आणि चार केळी खायला लावली. 

घरी आलो तेव्हा दुपार टळली होती. लूम बंद होता. अण्णा टोपलीपुढं उकिडवे बसले होते आणि त्यांच्यासमोर जमिनीवर भाकऱ्या मांडल्या होत्या, वाळलेल्या, मुंग्या लागलेल्या, एकावर एक. कांड्या संपल्या म्हणून त्यांनी टोपली उपडी केली असणार. आत्या दारात, तोंडाला पदर. आत्याची जीभ बंद पडलेली मी तेवढ्या एकदाच बघितली.

बाईंनी सगळं सांगितलं. मग पिशवीतून ती पट्टी काढून फरशीवर ठेवली, नेमकी आईचा खड्डा होता तिथं. म्हणाल्या, "अण्णा, ही पळायला नव्हती नेली मी. गोळ्याला नेली होती. गोळ्याला अंग लागतं, उंची लागते, ते हिला या वर्षात मिळालंय. दोन फेऱ्या नुसत्या पुऱ्या करायच्या होत्या. चालत केल्या असत्या तरी चाललं असतं." मग माझ्याकडे वळून जरा हळू म्हणाल्या, "या वयात अंग आधी पुढं जातं गं, ताकद मागनं येते. तिला यायला खाणं लागतं आणि हालचाल लागते. तू वर्षभर स्टुलावर बसलीस, आणि मग बारा दिवस उपाशी राहिलीस. ती बिचारी यायची कुठनं?" पाणीसुद्धा न पिता त्या गेल्या.

आता मला कळतं की तेव्हा मी मोठ्यानं रडायला पाहिजे होतं. गल्लीतल्या बायका त्याचीच वाट बघत होत्या. मी नुसती उभी होते. उभं राहण्याची सवयच झाली होती. वसतिगृह गेलं होतं, दहावी गेली होती, पुढं कांड्या होत्या, आणि हे सगळं मला दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखं वाटत होतं. पट्टीनं सोललेली कातडी मात्र आता चुरचुरायला लागली होती. बऱ्याच महिन्यांनी माझं काहीतरी दुखत होतं.

अण्णांनी पट्टी उचलली. आधी उजेडाकडे धरली. मग विणकर सूत बघतो तशी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळून बघितली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. म्हणाले, "लई घट्ट झालीया. हिच्या आईची पातळ असायची." आईचं नाव त्या घरात वर्षभरात पहिल्यांदा निघालं. आत्या हुंदका देऊन आत गेली. अण्णांनी पट्टी बाजूला ठेवली. मग उठले, माझं स्टूल पायानं स्वतःकडे ओढलं, त्यावर बसले आणि मोटरीवर रिकामी कांडी चढवली. वडगावात कुठल्याच पुरुष विणकराला कांडी भरताना मी बघितलं नव्हतं. सूत दोनदा तुटलं त्यांच्या हातून. तिसऱ्यांदा जुळवताना, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"उद्यापास्नं कांड्या मी भरतो. तू शाळंला जा. आन् जाताना भाकरी खाऊन जा, खळ न्हवं."